पर्वत गुरु होऊ शकतो काय?

वार्षिक परीक्षा संपल्या म्हणजे, आणि पुढे आषाढात सह्याद्रीच्या माथ्यावर ढग उतरू लागले म्हणजे, आपल्या शहरांतून एका नव्या प्रकारच्या विद्यादानाच्या जाहिराती दिसू लागतात. मुलांसाठी निसर्गशिबिर, प्रौढांसाठी वनस्पतिपरिचय, सहकुटुंब गिरिभ्रमण अशी त्यांची नावे असतात. तीन दिवस, पाच दिवस, क्वचित पंधरवडाभर डोंगरात राहावे, तंबूत निजावे, पाखरे ओळखावी, दोराच्या आधाराने एखादा कडा उतरावा, रात्री तारे पाहावे आणि घरी परत यावे, असा साधारण क्रम असतो. ह्यायोगे मुलांच्या अंगी धैर्य, स्वावलंबन, नेतृत्व आणि निसर्गप्रेम हे गुण बाणतील, असे आश्वासन चालक देतात आणि आईबाप त्यावर विश्वास ठेवतात.

प्रस्तुत लेखक ह्या उद्योगाचा विरोधक नाही. किंबहुना स्वतः अनेक वर्षे विद्यार्थ्यांस घेऊन तो डोंगरात हिंडलेला आहे. परंतु ज्याचे आयुष्य वर्गात शिकविण्यात गेले त्यास एक खोड जडलेली असते. ‘येथे शिक्षण मिळते’ असे कोणी म्हटले की शिकविणारा कोण, शिकणारा कोण आणि शिकवावयाचे काय, हे तीन प्रश्न विचारल्यावाचून त्यास राहवत नाही. डोंगर शिकवितो, असे आपण सहज बोलून जातो. पण डोंगराच्या सहवासाने मनुष्य अधिक चांगला होतो काय? होत असल्यास नेमका कशाने होतो? आणि होत नसल्यास मुलांस तेथे न्यावयाचे कशासाठी?

निसर्ग हाच खरा गुरु, ह्या मताचा अर्वाचीन काळातील मोठा पुरस्कर्ता रूसो होय. त्याचा ‘एमील’ हा ग्रंथ १७६२ साली प्रसिद्ध झाला. त्यातील एक प्रसंग आपल्या शिबिरचालकांनी अवश्य वाचावा असा आहे. दिशा ओळखण्याच्या विद्येचा उपयोग काय, असे एमील आपल्या गुरूस विचारतो. गुरु त्या वेळी वाद घालीत बसत नाही. दुसऱ्या दिवशी तो शिष्यास माँमोरांसीजवळच्या रानात फिरावयास नेतो आणि दोघे वाट चुकतात. उन्हाचा ताप होतो, भूक लागते, मुलगा रडकुंडीस येतो. मग मध्यान्हीची सावली उत्तरेस पडते हे लक्षात घेऊन, आणि गाव रानाच्या दक्षिणेस आहे हे आठवून, ते सावलीच्या उलट दिशेने चालत जेवणाच्या वेळेस घर गाठतात. प्रसंग मोठा मनोहर आहे. परंतु गुरु खरोखर वाट चुकलेला नसतो. तो चुकल्याचे सोंग करीत असतो. म्हणजे त्या दिवशी एमीलला रानाने काहीच शिकविले नाही. जे शिकविले ते रानाच्या आड उभ्या राहिलेल्या माणसाने. निसर्गास गुरुपद देणाऱ्या ग्रंथातच गुरूची जागा अशी माणसाकडे राहते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

दुसरी साक्ष वर्ड्स्वर्थची. त्याची कविता मी गेली अठ्ठावीस वर्षे वर्गात शिकवीत आलो आहे. डोंगर, सरोवरे आणि ओढे ह्यांच्या सहवासात मनुष्याच्या मनास नैतिक वळण लागते, असे त्याच्याइतक्या श्रद्धेने फार थोड्या कवींनी सांगितले असेल. परंतु १८४४ साली केंडलपासून विंडरमिअरपर्यंत आगगाडी आणण्याची योजना निघाली, तेव्हा ह्याच कवीने वृत्तपत्रात पत्रे लिहून तीस कडाडून विरोध केला. त्याचा एक मुद्दा असा होता की, अशा सृष्टिसौंदर्याची रुची उपजत नसते, ती हळूहळू संपादन करावी लागते. सबब कारखान्यांतील मजुरांचे तांडे गाडीत घालून तेथे आणून सोडले तरी त्यांस त्यापासून लाभ होणार नाही. विरोध फळास आला नाही आणि १८४७ मध्ये गाडी सुरू झाली. त्या वेळी वर्ड्स्वर्थ सत्तरी ओलांडलेला होता, तेव्हा त्याचे बोलणे वार्धक्याच्या चिडचिडीवर ढकलून आपणांस मोकळे होता येईल. पण त्या बोलण्यात एक सत्य आणि एक अन्याय अशी दोन्ही एकत्र गुंतलेली आहेत. डोंगर पाहावयास शिकावे लागते, हे सत्य. म्हणून ज्यांस शिकण्याची संधी मिळाली नाही त्यांनी येऊच नये, हा अन्याय. त्या सत्यापासून निघणारा सरळ निष्कर्ष इतकाच की, ज्यास पाहता येत नाही त्यास पाहावयास शिकविणारा कोणी तरी असावा. निसर्गशिक्षणाच्या आजच्या सर्व उद्योगांचे समर्थन ह्या एका वाक्यात आहे. मात्र ते मान्य करताच पर्वताचे गुरुपद जाते. तो फार तर पाठ्यग्रंथ ठरतो.

पर्वत ही चारित्र्याची तालीम आहे, असे मानणारा दुसरा पंथ आहे. कुर्त हान हा जर्मन शिक्षणज्ञ हिटलरशाहीच्या विरोधामुळे १९३३ साली कैद भोगून इंग्लंडात आला. त्याने पुढच्या वर्षी स्कॉटलंडात गॉर्डन्स्टन येथे शाळा काढली आणि १९४१ मध्ये, महायुद्धाच्या ऐन धामधुमीत, वेल्सच्या किनाऱ्यावर अॅबरडव्ही येथे ‘आउटवर्ड बाउंड’ ही संस्था सुरू केली. तरुण खलाशांस संकटात तगून राहण्याचे मनोबल यावे, हा तिचा एक प्रधान हेतु होता. ह्या संस्थेची डोंगरातील शाळा १९५० साली एस्कडेल येथे, म्हणजे वर्ड्स्वर्थच्याच सरोवरप्रांतात, उघडली. आपल्याकडे १९५४ मध्ये दार्जिलिंग येथे आणि १९६५ मध्ये उत्तरकाशी येथे गिर्यारोहणाच्या संस्था निघाल्या. तेनसिंग ह्यांच्यासारखा गुरु पहिल्या संस्थेस लाभला आणि बचेंद्री पाल ह्यांच्यासारखी शिष्या दुसरीने घडविली. ह्या परंपरेविषयी माझ्या मनात आदरच आहे.

तथापि धैर्य आणि नीति ह्या दोन वस्तु एक नव्हेत. कडा चढावयास लागणारे धैर्य दरोडेखोराच्या अंगीही असू शकते. दोरावर लोंबकळून ज्याची भीति मोडली त्याने पुढे त्या निर्भयतेचे काय करावे, हे दोर सांगत नाही. हानला हे पुरते ठाऊक होते. म्हणूनच त्याने आपल्या विद्यार्थ्यांच्या साहसास बुडत्यास वाचविण्याच्या आणि किनाऱ्यावर पहारा देण्याच्या कामाशी जखडून टाकले. आपल्या जाहिरातींतून साहस तेवढे आले आणि सेवा मागे राहिली.

तिसरा पंथ ज्ञानाचा. मुंबईची नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ साली स्थापन झाली; सलीम अलींचे भारतीय पक्ष्यांवरील सुप्रसिद्ध पुस्तक १९४१ साली निघाले; आणि पर्यावरण हा विषय शाळांतून सक्तीने शिकवावा, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली दिला. ज्यास नाव ठाऊक नाही त्यावर प्रेम करणे कठीण, हे मला मान्य आहे. पण नावांचाही संग्रह होतो, आणि संग्रहाचा लोभ होतो. एका सकाळी बेचाळीस पक्षी ‘झाले’ असे सांगणारा मनुष्य आणि बेचाळीस नाणी मोजणारा मनुष्य ह्यांच्या मुद्रेवरचे समाधान कधी कधी फार सारखे असते.

आता स्वतः डोंगराकडे वळू. सह्याद्रीचा काळा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेला लाव्हारस होय. त्या काळी मनुष्य नव्हता, त्याची नीति नव्हती. ओल्या शेवाळावरून साधूचा पाय घसरतो तसाच चोराचाही घसरतो. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे दगावली. त्यांत पुण्यवान किती आणि पापी किती, हे डोंगराने पाहिले नाही. निसर्ग दयाळू आहे, माता आहे, तिच्या कुशीत शिरताच मन निर्मळ होते, असे मुलांस सांगणे म्हणजे त्यांची फसवणूक करणे होय. डोंगर आपल्यासाठी नाही आणि आपल्याविरुद्धही नाही. त्यास आपली खबरच नाही.

मग नीतीचा धडा तेथे मिळतो कोठे? ह्या प्रश्नाचे जे उत्तर मला सुचले ते पुस्तकातून सुचलेले नाही. ते माझ्या एका अपराधातून मिळाले, आणि तो येथे सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल.

मी नुकताच अध्यापक झालो होतो. पावसाळा सरता सरता चाळीसएक विद्यार्थी घेऊन मी एका गडावर तीन दिवसांचे शिबिर नेले. गडाच्या माचीवर दहाबारा घरांची एक वाडी होती. तेथील एका वृद्ध गृहस्थाने आम्हांस वाट दाखविली. पहिल्या रात्री शेकोटीभोवती मी पाण्याविषयी व्याख्यान दिले. सह्याद्रीवर इतका पाऊस कोसळूनही चैत्रात बायकांस हंड्यासाठी मैलभर चालावे का लागते, हे मी कातळाच्या थरांची आकृति काढून समजावून दिले. व्याख्यान चांगले झाले, असे मला वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी फिरून परत येतो तो मुले खडकात कोरलेल्या एका टाक्यात साबण लावून आंघोळी करीत होती आणि कपडे धूत होती. टाक्याचे पाणी पांढुरके झाले होते. काठावर तो म्हातारा गुरे थांबवून उभा होता. मला पाहताच तो इतकेच म्हणाला, “मास्तर, ह्या टाक्याचं पानी आमी पितो. धुन्याचं टाकं पल्याड हाय.”

त्या शब्दांत राग नव्हता, आणि म्हणूनच ते मला अधिक लागले. मी खिशात हात घालून काही पैसे पुढे केले. त्याने ते घेतले नाहीत. “पैशानं पानी न्हाई निवळायचं. उपसून काढा. आत झरा हाय, दोन दिसांत भरंल,” असे तो म्हणाला. तोवर तुम्ही काय कराल, असे मी विचारले. “बाया जातील खालच्या झऱ्यावर,” तो म्हणाला. तो झरा किती खाली आहे हे मी त्यास विचारले नाही; आदल्या दिवशी चढून येताना तो मी पाहिला होता. सकाळपासून दिवे लागेपर्यंत आम्ही बादल्यांनी आणि पातेल्यांनी ते टाके उपसले. तळाचा गाळ काढला आणि तळ फडक्याने पुसून घेतला. पुढचे दोन दिवस वाडीतल्या बायका डोक्यावर हंडे घेऊन तो उतार उतरत आणि चढत होत्या. आमच्या धड्याची फी त्यांनी भरली.

त्या शिबिरातील विद्यार्थी आज पन्नाशीकडे झुकले आहेत. त्यांतील काही अजून भेटतात. माझे व्याख्यान एकासही आठवत नाही. टाके उपसल्याचा दिवस एकही विसरलेला नाही.

ह्या प्रसंगाचा मी पुष्कळ विचार केला आहे. त्या मुलांस निसर्गप्रेम नव्हते असे नाही. आदल्या संध्याकाळी सूर्यास्त पाहून त्यांतील दोघीतिघींच्या डोळ्यांत पाणी आले होते. धैर्य नव्हते असेही नाही. आणि कातळाचे थर तर त्यांस मीच पढविले होते. भावना, धैर्य आणि ज्ञान ही तिन्ही हाताशी असून आम्ही दुसऱ्याचे पिण्याचे पाणी नासविले. एकच गोष्ट आम्हांत नव्हती: आपण कोणाच्या तरी घरात आलो आहोत, ही जाणीव. आम्ही डोंगरास रिकामा समजलो होतो. रिकाम्या जागेत मनुष्यास हक्क असतात, कर्तव्ये नसतात. पाहुणा म्हणून घरात पाऊल टाकले की कर्तव्ये आपोआप उत्पन्न होतात: चप्पल कोठे काढावी, पाणी कोणत्या भांड्याने घ्यावे, केव्हा निघावे. पाहुण्याने काय करावे हे आपल्या समाजात लहान मूलही जाणते. डोंगरात आपण पाहुणे आहोत, एवढेच त्यास कोणी सांगितलेले नसते. माझ्या मते डोंगरातील शिक्षणाचे सार हे एवढेच आहे. पर्वत गुरु नव्हे, तो यजमानाचे घर आहे. आणि यजमानांत वाडीतली माणसे येतात तशीच शेकरू, कारवी आणि टाक्यातला झरा हीही येतात.

हे शिक्षण केवळ मुलांस देऊन भागेल काय? मला तसे वाटत नाही. रूसोने आपला एमील अनाथ कल्पिला, आणि स्वतःची पाच मुले त्याने अनाथालयात सोडली होती. मुलाच्या शिक्षणातून आईबापांस वगळण्याची ही कल्पना आपल्या शिबिरांनीही नकळत उचललेली दिसते. मूल पाच दिवस डोंगरात राहून कचरा न टाकण्याची शपथ घेऊन येते, आणि परतीच्या वाटेवर बाप मोटारीच्या खिडकीतून रिकामी बाटली बाहेर भिरकावतो. त्या एका क्षणात पाच दिवसांचे शिक्षण संपते. कारण मुलास कळते की शपथ ही शिबिरात घ्यावयाची वस्तु आहे.

तीन वर्षांपूर्वी मी एका सहकुटुंब शिबिरात गेलो होतो. तेथे एक गृहस्थ आपल्या नऊ वर्षांच्या मुलीसह आले होते. शहरात मोठ्या हुद्द्यावर असल्यामुळे प्रत्येक प्रश्नाचे उत्तर देण्याची त्यांस सवय होती. वाटेत मुलीने एका दाट झुडुपाकडे बोट दाखवून हे काय, असे विचारले. त्यांनी खिशातील फोन काढला. त्यास तेथे आवाका नव्हता. क्षणभर थांबून ते म्हणाले, “मला माहीत नाही, बाळ. आपण त्या दादाला विचारू.” तो दादा म्हणजे आमच्यापुढे चालणारा, पाचवीत शिकणारा वाडीतला मुलगा. त्याने मागे वळून सांगितले, “ही कारवी. सात वरसांनी येकदा फुलती. आता अजून तीन वरसांनी. आमच्या घराचा कूड हिचाच हाय.” मुलीने बोटे मोजली आणि म्हणाली, “म्हणजे मी बारा वर्षांची होईन तेव्हा.” मग तिने बापाकडे पाहिले आणि पुढचा अर्धा तास ती त्या मुलास प्रश्न विचारीत चालली, बाप मागून ऐकत होता.

मुलांपुढे ‘मला माहीत नाही’ असे म्हणण्याचा प्रसंग आईबापांवर शहरात सहसा येत नाही, आणि आला तर ते तो टाळतात. डोंगरात बाप आणि मूल दोघेही सारखेच अडाणी असतात. शहाणपण तिसऱ्याच कोणाकडे असते, आणि तो तिसरा बहुधा असा असतो की ज्यास शहरात आपण दारातून परत पाठविले असते. आपला बाप अशा मनुष्यापुढे शिष्य होऊन उभा आहे, हे मुलाने पाहणे, ह्यासारखा विनयाचा दुसरा पाठ मला ठाऊक नाही. सहकुटुंब शिबिराचे खरे मोल येथे आहे.

परंतु ह्याच प्रसंगाची दुसरी बाजू मला अस्वस्थ करते. त्या मुलास शाळेत ‘परिसर अभ्यास’ ह्या विषयात फारसे गुण मिळत नाहीत, असे त्याच्या आईने मला हसत सांगितले. ज्या ज्ञानासाठी शहरातले कुटुंब पैसे मोजून तेथे येते, ते ज्ञान अंगी असलेल्या मुलास शाळा अडाणी ठरविते. तो दहा वर्षांनी शहरात नोकरी शोधीत येईल, आणि कारवी केव्हा फुलते हे विसरणे हा त्याच्या प्रगतीचा भाग समजला जाईल. ज्या निसर्गशिक्षणास हा अन्याय दिसत नाही ते कितीही सुंदर असले तरी अपुरे आहे. वाटाड्यास मजुरी देऊन आपले ऋण फिटत नाही. त्यास शिक्षक म्हणावे आणि शिक्षकाचे वेतन द्यावे. शिबिराच्या पहिल्या संध्याकाळी बोलण्याचा मान पाहुण्या प्राध्यापकास न देता त्यास द्यावा.

येथे कोणी म्हणेल की, मुले बिचारी चार दिवस हुंदडावयास गेली असता त्यांच्या मानेवर हे कर्तव्याचे जू कशास? आक्षेप रास्त आहे. मुलांनी हुंदडावे, ओढ्यात भिजावे, करवंदांनी तोंड काळे करून घ्यावे. त्यांपुढे नीतीवर व्याख्यान देण्याचा उपयोग किती, हे मी वर सांगितलेच आहे. परंतु पाहुणा आनंद करीत नाही असे कोण म्हणतो? आजोळी गेलेले मूल जितके हुंदडते तितके स्वतःच्या घरीही हुंदडत नाही, आणि तरीही आजीच्या देवघरात ते पाय जपून टाकते. त्यास ते जू वाटत नाही.

शेवटी एका दृश्याची आठवण देतो. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पावसाळ्याच्या सुमारास, खाली दरीत धुके असताना आणि पाठीवर सूर्य असताना, कधी कधी ‘इंद्रवज्र’ दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कर्नल साइक्स ह्या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली आहे. धुक्याच्या पडद्यावर संपूर्ण वर्तुळाकार, रंगीत कडे उमटते आणि त्याच्या मध्यभागी पाहणाऱ्याची सावली असते. ह्यात प्रकाशशास्त्राचा एक चमत्कार असा की, दहा माणसे ओळीने उभी राहिली तरी प्रत्येकास ते कडे स्वतःच्याच मस्तकाभोवती दिसते. शेजाऱ्याच्या मस्तकाभोवती तेज आहे, हे कोणासच दिसत नाही.

डोंगरात जाणाऱ्या आपणां सर्वांची स्थिति थोडीशी अशीच आहे. तेथे जाऊन आपण आपले धैर्य, आपला आनंद, आपली शांति पाहतो आणि प्रसन्न मनाने परततो. त्यात पाप नाही. ते दृश्य खरोखरच सुंदर असते. परंतु मुलास कड्याच्या काठावर घट्ट धरून ते दाखवून झाल्यावर एक काम राहते. शेजारी उभ्या असलेल्या वाडीतल्या मुलास विचारावे, “तुला कुठं दिसतंय?” तो आपल्याच सावलीकडे बोट दाखवील. तेवढे आपल्या मुलाने पाहिले, तर भाडे, वेळ आणि पायपीट वसूल झाली असे मी समजेन.